वीस मुली, चाळीस प्रश्न आणि टोपलीभर संत्री

माझ्या आत्याला माणूस ओळखायला एक संत्रं पुरायचं.

ती शेंदूरजनाघाटची. घरचा संत्र्याचा बगीचा. तोडणी झाली की झाडाखाली तणसावर ढीग पडायचा आणि फळ निवडायचं काम हिचं. मोठं इकडे, मधलं तिकडे, सालीत नुसती हवा भरलेलं बाजूला. बघावंसुद्धा लागायचं नाही तिला. हातात घेतलं की कळायचं. माझ्या बाबांशी, म्हणजे स्वतःच्या भावाशी, भांडता भांडता टोपल्याच्या टोपल्या निवडून मोकळी व्हायची. इतकी वर्षं फळ निवडून तिची खात्रीच झाली होती की माणूसही असाच निवडता येतो. त्याच्या हातात एक संत्रं द्यायचं आणि आपण गप बसून पाहायचं, बस.

साल एका दमात काढली तर हट्टी. बारीक तुकडे करत काढली तर भित्रा. फोडीवरचा पांढरा दोरा न् दोरा काढत बसला तर, "अशा घरी पोट्टी देऊ नये बाप्पा, जलमभर पोह्यातली मोहरी मोजाले लावन." पहिली फोड स्वतःच्या तोंडात टाकणारा साधा. पहिली दुसऱ्याला देणारा एक तर चांगला, नाही तर लबाड. कोणता ते दुसऱ्या फोडीला कळतं म्हणे.

आता हसू येतं, पण घरात कोणी या परीक्षेला हसायचं नाही, कारण ती बरेचदा खरी निघायची. माझ्या आतेबहिणीला पाहायला एक मास्तर आले होते, पंचावन्न-छप्पनच्या सुमाराचं असेल. संत्रं खाल्लं, पण बिया कुठे टाकायच्या ते कोणी सांगितलं नाही, म्हणून त्या मुठीत धरून दुपारभर बसले बिचारे. आत्यानं तिथल्या तिथे होकार दिला. जावई निघालाही तसाच. उभ्या आयुष्यात घरात कचरा म्हणून केला नाही त्यानं. पण बोलणंही केलं नाही! आतेबहीण माहेरी आली की म्हणायची, "माय, तुनं बिया पायल्या, तोंड पायाचं राह्यलं."

तर अशी ही आत्या माझ्यासोबत अकोल्याला आली, ती गोष्ट सांगायची आहे. बासष्ट-त्रेसष्ट साल असावं.

आमचं घर अमरावतीला. बाबांचं भाजीचं दुकान होतं. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पण वाचन सुटलं नाही, कारण भाजी बांधायला दुकानात रद्दी यायची. मी पालकाची जुडी बांधता बांधता वाचायची. आता रद्दीतली गोष्ट कधी पुरी मिळते का? अर्धा कागद मेथीबरोबर गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेलेला. मग दुकानामागे खेळणारी पोरं गोळा करून मी त्यांना ती अर्धीच गोष्ट सांगायची आणि म्हणायची, आता पुढचं तुम्ही सांगा. असं वाचत वाचत सातवीची परीक्षा घरी बसूनच दिली आणि पास झाले.

त्याच सुमारास कळलं की अकोल्याला बालवाडीच्या शिक्षिका तयार करणारा वर्ग निघतोय. राहण्याची सोय, वर्षभर शिक्षण, मग नोकरी. जागा आठ. मला रात्रंदिवस तेच दिसायला लागलं. बाबांच्या कानावर घातलं. पाचव्या दिवशी वांगी मांडता मांडता म्हणाले, "एक डाव जाऊन ये. झालं तं झालं. नाही झालं तं दुकानावर बस, अन् मंग शाळेचं नाव काढू नको." बाबा दोनदा बोलणारे नव्हते. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या एका दिवसात.

दुकान बंद ठेवता येत नव्हतं म्हणून सोबतीला आत्या. आणि आत्या म्हणजे संत्र्यांची टोपली आलीच. पहाटेच्या एस.टी.त बसलो. मूर्तिजापूर येईपर्यंत तिनं निम्मी गाडी तपासून काढली होती. कंडक्टरसुद्धा सुटला नाही. "चांगला हाये," माझ्या कानात म्हणाली, "पन बायकोले भेतो."

अकोल्याला ज्या शाळेत बोलावलं होतं तिला सुट्टी होती. ओसरीवर आम्ही वीस मुली, प्रत्येकीसोबत कोणी ना कोणी मोठं माणूस. आणि जो गलका! कोण कुठली, कोणाची मावशी कोणाच्या गावात दिली, कोणी डब्यात काय आणलं. मी तर पोचल्यापासून बोलतच होते. माझ्या शेजारी तेल्हाऱ्याची एक मुलगी बसली होती, उंच, सरळ पाठीची. तिच्यापलीकडच्या मुलीनं आपला डबा उचलून जरा लांब ठेवला, तेव्हा ही मोठ्यानं म्हणाली, "राहू दे वं तिथंच. तुह्या डब्याले पाय नाही फुटत." ती मुलगी शरमली.

आत्यानं विचारलं, "कोनाची वं तू?"

"तेल्हाऱ्याची. बौद्ध हावो आमी, छप्पन सालापासून." नजर आत्याच्या नजरेत. आवाज ना वर ना खाली.

आत्यानं तिला नीट पाहून घेतलं. मग टोपलीत हात घालून तिनं चांगलं जड संत्रं काढलं आणि तिच्या हातात दिलं. मुलीनं ते सोललं, अर्धं केलं, आणि पहिली फोड आत्यापुढे धरली.

आता गंमत पाहा. जन्मभर दुसऱ्यांना संत्री देऊन पाहत बसणाऱ्या बाईला कोणी तरी पहिल्यांदाच फोड देऊन पाहत होतं. आत्याचा हात क्षणभर टोपलीवरच राहिला, मग तिनं फोड घेतली, तोंडात टाकली.

मुलगी हसली. "पाहून राहिली होती, घेता का नाही."

"अन् काय दिसलं?" आत्या.

"घेतली. पन जरा थांबून."

आत्या इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. "माय वं! ही तं माह्यीच परीक्षा घेऊन राहिली!"

तेवढ्यात परीक्षा घेणाऱ्या बाई आल्या. पुण्याच्या होत्या. पांढरं पातळ, चष्मा, ओठ घट्ट मिटलेले. माणसाचा स्वभाव कागदावर ओळखायचं शास्त्र शिकून आल्यात असं आम्हाला शिपायानं आधीच सांगितलं होतं. आत्यानं लगेच पुढे होऊन संत्रं दिलं. बाईंनी "आभारी आहे" म्हणून घेतलं, आत नेऊन टेबलावर ठेवलं आणि नंतर त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आत्या खिडकीतून डोकावून आली आणि माझ्याजवळ बसून हळूच म्हणाली, "कोरडं मानूस हाये वं. संत्रं हातात असून खात नाही. तुह्यं काही खरं नाही."

मी टोपली तिच्याकडे सरकवून उठले.

आम्हाला एका वर्गात बसवलं. सायक्लोस्टाईल केलेला एकेक कागद, त्यावर चाळीस प्रश्न. प्रत्येकापुढे 'होय' आणि 'नाही', त्यातल्या एकाला गोल करायचा. बाई म्हणाल्या, "यात बरोबर उत्तर, चूक उत्तर असं काही नाही. जसं मनात येईल तसं सांगा. मोकळेपणानं."

बरोबर-चूक नसलेली परीक्षा! आमच्यातल्या एकीचाही यावर विश्वास बसला नाही. प्रश्न असे होते. अनोळखी माणसांशी बोलायला तुम्हाला आवडते का? तुम्ही मोठ्याने हसता का? दुसऱ्याचे म्हणणे पटले नाही तर तसे सांगता का? एकट्याने प्रवास करावासा वाटतो का? चारचौघांत गाणे म्हणाल का?

तुम्हीच सांगा, त्या काळातल्या मुलीनं याला काय उत्तर द्यावं? अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं असं लिहून द्यायचं, तेही सहीनिशी? मी एका दमात 'नाही' 'नाही' करत गेले. मोठ्यानं हसता का, नाही. राग येतो का, नाही. फक्त 'घरकामाची आवड आहे का' याला होय. खिडकीबाहेर आत्या मान हलवत उभी होती, तिचंही म्हणणं तेच. समोरची मुलगीही तसंच करत होती. तेल्हाऱ्याचीही. चांगल्या घरच्या मुली होतो आम्ही!

कागद देऊन बाहेर आलो आणि पुन्हा गलका सुरू. डबे उघडले. कोणी तरी आपल्या गावच्या तलाठ्याची नक्कल केली, एकीनं जात्यावरचं गाणं म्हटलं, चारचौघांत नव्हे, चाळीस जणांत. मी एक गोष्ट सुरू केली होती, ती सोडून दुसरी घेतली, मग तिसरी. दुपार कलली तेव्हा बाई हातात कागदांचा गठ्ठा घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. एक हात गालावर.

"वीस मुली," त्या म्हणाल्या, "आणि उत्तरं सगळ्यांची एकसारखी. या कागदांवरून पाहायचं तर तुम्ही सगळ्या अबोल, भित्र्या, एकलकोंड्या आहात. कोणी मोठ्यानं हसत नाही, कोणी अनोळखी माणसाशी बोलत नाही. लहान मुलांत ठेवण्याजोगी यात एकही मुलगी नाही. मग सकाळपासून या ओसरीवर ओरडतंय कोण?"

मग मागून कोणी तरी फिस्सकन हसलं, आणि मग काय, सगळी ओसरीच हसायला लागली. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना खरंच कळत नव्हतं. माझं हसू तिथेच आटलं. एकही मुलगी नाही, म्हणजे मीही नाही. उद्यापासून पालकाच्या जुड्या.

आणि आत्या उठली. तिला कोणी विचारलं नव्हतं, पण तिला कधी कोणी विचारावं लागलंच नाही.

"बाईसाहेब, रागावू नका. या पोट्ट्यायले आजवर ज्यानं कोनं प्रश्न इचारले ना, ते समदे पाहाले आलेल्या मानसायनंच इचारले. गाता येते का, रागावतं का, बोलतं का फार. तवा काय सांगा लागते ते यायले तोंडपाठ हाये. तुमी तेच इचारलं, यायनं तेच सांगतलं. कागदाची काही चूक नाही. पोट्ट्यायचीबी नाही."

बाईंनी हातातला गठ्ठा पुन्हा एकदा चाळला. मग आत गेल्या आणि प्रश्नांच्या कोऱ्या कागदांचा दुसरा गठ्ठा घेऊन आल्या.

"पुन्हा बसा," म्हणाल्या. "दोघी दोघी. आता स्वतःसाठी नाही भरायचं. शेजारणीसाठी भरायचं. ती कशी आहे ते तुम्ही लिहायचं, तुम्ही कशा आहात ते ती लिहील. एकमेकींना दाखवायचं नाही."

माझी शेजारीण तेल्हाऱ्याची.

आता खरा घाम फुटला. ओळख सकाळची, काही तासांची. जागा आठ, आम्ही वीस. तिनं माझ्याबद्दल वाकडं लिहिलं तर तिचाच फायदा, आणि मी तिच्याबद्दल लिहिलं तर माझा. 'राग लवकर येतो का?' या प्रश्नावर माझा हात थांबला. डब्याचा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला होता. होय लिहावं तर तिचं नुकसान, नाही लिहावं तर खोटं. शेवटी 'होय'ला गोल केला आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'पण कारण असेल तरच.' लिहिल्यावर बरं वाटलं. मग सवयच लागली. चाळीस प्रश्नांपैकी तिसांना मी समासात शेपूट जोडलं. वर मान करून पाहते तर सगळ्याच मुली समासात लिहीत होत्या. होय आणि नाही यांच्यामध्ये एवढी जागा लागते हे कागद छापणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं.

मग एकेकीला आत बोलावणं. माझी पाळी आली. टेबलावर आत्याचं संत्रं होतं तसंच. बाईंच्या हातात तेल्हाऱ्याचीनं माझ्याबद्दल भरलेला कागद.

"अनोळखी माणसांशी बोलते का," त्या वाचू लागल्या. "होय. आणि समासात लिहिलंय, 'थांबतच नाही.'"

मी खाली पाहिलं.

"मोठ्याने हसते का. होय. 'आधी स्वतः हसते, मग गोष्ट सांगते.'" पान उलटलं. "हाती घेतलेले काम पुरे करते का. नाही. 'सकाळपासून तीन गोष्टी सांगितल्या, तिन्ही अर्ध्या.'"

मला वाटलं, संपलं. मनात त्या मुलीला चार शिव्या दिल्या. गंमत म्हणजे, माझ्या लक्षातही आलं नव्हतं की मी अशी आहे. कोणी सांगितलंच नव्हतं. आणि ते खरं होतं! घरी अर्धी विणलेली दोन लोकरीची टोपरी पडली होती, अर्धं पत्र मामाला लिहून फळीवर ठेवलं होतं.

"खरंय का हे?" बाईंनी विचारलं.

"हो," म्हटलं. आता लपवून काय उपयोग. मग मी रद्दीचं सांगितलं. मेथीबरोबर गेलेला अर्धा कागद, दुकानामागची पोरं, सगळं.

"सांगा बरं एखादी," बाई म्हणाल्या.

मी सांगितली. एक चोर असतो. तो पाटलाच्या घरचं भिंतीवरचं मोठं घड्याळ चोरतो आणि लपायला कोरड्या विहिरीत उतरतो. वर सगळा गाव कंदील घेऊन शोधतोय. चोर श्वास रोखून बसलाय. आणि तेवढ्यात घड्याळात बारा वाजायला लागतात...

मी थांबले.

"मग?" बाई.

"कागद तिथं फाटला होता."

"अहो पण मग? सापडला का तो?"

"तुम्ही सांगा," माझ्या तोंडून निघून गेलं. पोरांना म्हणायची सवय ना! जीभ चावली मी.

बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. चष्मा काढला. मला वाटलं, आता बाहेर काढतात. आणि त्या हळूच म्हणाल्या, "विहिरीत बेडूक असतील. पार तळाशी थोडं पाणी असेल ना? तर ते बेडूक ओरडायला लागले. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला सगळे मिळून एकदम. आणि गावकऱ्यांना वाटलं, आज बेडकांना झालंय तरी काय." आणि स्वतःच हसल्या. हसल्या आणि कळवळून गाल धरला.

"काय झालं बाई?"

"दाढ," त्या म्हणाल्या. "परवापासून ठणकतेय. काही चावता येत नाही, आंबट तर नकोच. तुमच्या आत्यांचं संत्रं म्हणून तसंच राहिलंय. त्यांना वाईट वाटलं असेल."

मी बाहेर येऊन आत्याला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "आंऽ? दाढ?" म्हणाली. एवढंच. मग कमरेच्या पिशवीतून लवंग काढली, सरळ आत गेली आणि बाईंना म्हणाली, "तोंड उघडा." पुण्याच्या शास्त्र शिकलेल्या बाईंनी मुकाट्यानं तोंड उघडलं.

ऊन उतरताना यादी वाचली. तेल्हाऱ्याची तिसरी. मग चौथी, पाचवी, सहावी. सातवं नाव झालं तेव्हा मी मनात पालक निवडायला बसलेही होते. आठवी मी.

तेल्हाऱ्याचीनं माझा दंड धरला. "आता तरी बोल पुरं," म्हणाली. ती पुढे बावीस वर्षं माझ्या शेजारच्या बालवाडीत होती, आणि मी तिच्यावर रागावले की ती विचारायची, कारण आहे का?

परतीच्या गाडीत आत्यानं कोणालाही तपासलं नाही. हे नवल. टोपलीत दोनच संत्री उरली होती, पण तिनं कोणालाच दिली नाहीत. मूर्तिजापूर मागे पडल्यावर म्हणाली, "पोरी, माह्या नावाचा कागद तू भरला असता, अन् त्यावर इचारलं असतं, हिले मानूस वयखता येते का, तं तू काय लिवलं असतं?"

"होय," मी म्हटलं.

"अन् समासात?"

"दाढ दुखत नसली तर."

सगळी गाडी वळून पाहू लागली, इतकी ती हसली. कंडक्टरही हसला, त्याला काही कळलं नव्हतं तरी.

त्यानंतर आत्यानं संत्री वाटणं सोडलं असं नाही. पण निकाल देण्याआधी ती एक प्रश्न विचारायला लागली, "तब्येत बरी हाये ना तुमची?" आणि माझं म्हणाल तर मी त्या कागदाला आजही मानते. त्यानं मला अबोल म्हटलं तेव्हा तो साफ चुकला, आणि त्याच कागदानं, दुसऱ्याच्या हातून भरल्यावर, माझ्याबद्दल एक अशी गोष्ट सांगितली जी मला जन्मात कळली नसती. विचारणारा कोण आणि आपण कोणासाठी उत्तर देतोय, एवढं पाहिलं तर बरंच कळतं त्यातून. बाकीचं समासात लिहावं लागतं.

घरी पोचलो. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं." आणि वांगी निवडत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेले तर गल्ल्याशेजारी एक वर्तमानपत्र घडी करून ठेवलेलं. रद्दीतलंच, पण अख्खं. चारी पानं. बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "घेऊन जा. फाडलं नाही."

मी ते उराशी धरून घरी आणलं. आतल्या पानावर एक गोष्ट होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुरी. उंबऱ्यात बसून वाचायला घेतली. छान होती. निम्मी झाली असेल, आणि आठवलं की अकोल्याला न्यायची ट्रंक अजून भरायची आहे. उठले. ती गोष्ट तिथेच राहिली.